चेन पडली नव्हती

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे जनरल मॅनेजर माननीय नानासाहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे रविवारची झोप मोडून बजाजनगरच्या या मंगल कार्यालयात जमलो ते सत्कारमूर्ती, 'पहाट सायकल मंडळा'चे संस्थापक आणि आजवरचे एकमेव अध्यक्ष, पर्सोनेल मॅनेजर माननीय काकासाहेब जाधव. त्यांच्या शेजारी बसलेल्या लक्ष्मीवहिनी. मंडळाचे सचिव अप्पाराव. माझे जुने सोबती, नवे सभासद, कामगार बंधू-भगिनींनो, आणि अगदी मागच्या खुर्चीवर एकट्या बसलेल्या, घाटमाथ्यावर ज्यांच्या हातचा चहा आपण सगळेच प्यालो त्या बानाबाई. ज्यांना चालतो त्यांना जय भीम. बाकीच्यांना नमस्कार.

सुरुवातीलाच एक माफी मागतो. मघाशी मी साहेबांना हार घातला तो त्यांच्या नाकावर अडकला, आणि फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. हार मी एका हातानं घातला, डाव्या. साहेबांनी जरा मान वाकवली असती तर नीट गळ्यात पडला असता. पण मान वाकवायची सवय त्यांना कधी लागली नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी लावून घ्या असं सांगणारा मी कोण?

दुसरे आभार अप्पारावांचे. त्यांनी माझी ओळख करून दिली, “आता बोलतील आपले चेनवाले कडुबा.” सभागृह हसलं. हसायलाच पाहिजे, विनोद जुना असला की लवकर कळतो. नानासाहेब पुण्याहून नवे आलेत, ते एकटेच हसले नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. अठ्ठ्याहत्तर साली श्रावणात मंडळाची घाटस्वारी निघाली होती, त्यात माझ्या सायकलीची चेन पडली, मी मागं राहिलो आणि घाट चढलोच नाही. एवढाच विनोद आहे. दर वर्धापनदिनाला कुणीतरी तो करतं, बाकीचे हसतात, मग पोहे येतात.

मला आज दोन कामं सांगितलीत. दोन शब्द बोलायचे आणि एक हात वर करायचा. दुसरं काम काय, तेही नव्या मंडळींना सांगायला हवं. दर श्रावणात आपण दौलताबादचा घाट चढून वेरूळला जातो, त्या स्वारीला आजपासून साहेबांचं नाव द्यायचं आहे. 'काकासाहेब जाधव घाटस्वारी'. पाटी रंगवून तयार आहे, ती तिथं पिवळ्या कापडाखाली उभी केलेली दिसतेय ना, तीच. मंडळाचा नियम असा की कशालाही नाव द्यायचं तर संस्थापक सभासदांपैकी प्रत्येकाचा हात वर व्हायला पाहिजे. एकही हात खाली राहिला तर नाव नाही. मी यायच्या आधी सगळ्यांनी हात वर केले म्हणे. आता माझा उरलाय.

नाव देणं ही मोठी तकलिफीची गोष्ट आहे बघा. आपल्याच शहरात या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. मिळालं म्हणजे, होतं त्याच्या पुढं जोडलं. तेवढ्यासाठी किती वर्षं गेली, किती घरं जळली, किती माणसं गेली, ते इथं सांगत बसत नाही, मंगल कार्यालय आहे. साहेब तेव्हा कँटीनमध्ये म्हणायचे, “नाव बदलून कुणाचं पोट भरतं का हो?” प्रश्न बिनतोड होता. आज पाटी रंगवून झाल्यावर मी तोच प्रश्न विचारणार नाही. साहेबांचं पोट भरलेलंच आहे.

अप्पाराव, घड्याळ दाखवू नका. गुणगौरव करायला बोलावलंय, करतोय.

साहेबांचा पहिला गुण शिस्त. आपला कारखाना तेव्हा चिकलठाण्याला होता, एकच शेड, वर पत्रे. वाळूजला नुसती ज्वारी होती. टाइम ऑफिसात बसणाऱ्या या माणसाच्या मनात आलं की साहेबलोक आणि कामगार यांनी रविवारी एकत्र सायकली चालवाव्यात, म्हणजे आपुलकी वाढेल. खरं सांगतो, वाढली. पहाटे छावणीतून निघायचं, मिटमिट्याला उजाडायचं, किल्ला डोळ्यासमोर आला की कुणीतरी गाणं काढायचं आणि दुसरा ते बिघडवायचा. दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून एकेक सायकल घंटी वाजवत बाहेर पडायची. त्या वेळी माझ्यासारख्या प्रेस मशीन चालवणाऱ्या माणसाला ऑफिसातला माणूस सीताफळ फोडून अर्धं द्यायचा. माझ्या आयुष्यात तोवर असं कुणी केलं नव्हतं. मी ते विसरलेलो नाही, आणि विसरलो असतो तर फार बरं झालं असतं.

शिस्त म्हणजे काय, तर दोन नियम. पहिला, मागचा माणूस दिसेनासा झाला की त्याच्या पुढच्यानं उजवा हात वर करायचा. त्याला बघून त्याच्या पुढच्यानं, असं करत करत हात पुढं जायचा आणि अख्खी रांग थांबायची. उजवाच हात, सरळ, खांद्याच्या वर. पुढं सभांमध्येही आपण तसाच हात वर करायला लागलो. एकदा बन्सीनं डावा हात वर केला तर साहेबांनी त्याचं मत धरलं नव्हतं. आठवतं ना, बन्सी? दुसरा नियम, शेवटचा आल्याशिवाय घाटमाथ्यावर चहा नाही. बानाबाई दूध उकळत ठेवायच्या, पण ओतायच्या नाहीत. शेवटचा माणूस धापा टाकत आला की साहेब स्वतः पहिला ग्लास त्याच्या हातात द्यायचे. किती छान नियम! मी बऱ्याचदा शेवटचा असायचो, म्हणून पहिला ग्लास बऱ्याचदा माझा असायचा.

मंडळात आम्ही दोन जाधव. साहेब थोरले जाधव, मी धाकटे जाधव. पाहुणे आले की साहेब माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, “हा माझा धाकटा भाऊ.” पाहुणे खूष व्हायचे. साहेब त्यांच्याहून खूष व्हायचे. आणि मी घरी जाऊन सारजाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायचो. ती म्हणायची, “भाऊ म्हणतेत तर दिवाळीला घरी बोलीवतेत का?” बायकांना नको तिथं शंका येतात.

साहेबांचा दुसरा गुण, त्यांना चूक सहन होत नाही. जुन्या शेडमधला एक जण चुलता वारला म्हणून रजा मागायला आला होता. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बारकाईनं चौकशी केली. निघालं काय, तर वारलेला माणूस बापाचा चुलतभाऊ. साहेब शांतपणे म्हणाले, “मग तो चुलता कसा? नातं नीट सांगावं माणसानं.” रजा नामंजूर. तो माणूस रडतच मशीनवर गेला. नात्यात चूक झालेली साहेबांना बिलकुल चालत नाही. हे एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता त्या श्रावणाकडं येतो. विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव झाला होता आणि मराठवाडा पेटला होता. गावागावांत आमच्या वस्त्यांवर काय चाललं होतं ते रोज कानावर यायचं. आई म्हणाली, जाऊ नको. मी शनिवारी साहेबांना सांगितलं, या रविवारी मला माफ करा. साहेब हसले. म्हणाले, “अरे, दंगलीला विचारून सायकली काढायच्या का? आणि तू माझ्यासोबत आहेस. कुणी विचारलं तर जाधव सांग. कुणाला काय कळतंय?”

मला तो शब्द पुरेसा वाटला. थोरला भाऊ बोलला होता.

दौलताबाद सोडून घाट लागायच्या आधी एक गाव आहे. नाव घेत नाही. गाव चांगलं आहे, तिथले पेरू आजही गोड लागतात. रस्त्यात बैलगाडी आडवी लावलेली, पंधरावीस माणसं, हातात काठ्या. सगळ्यांत पुढं साहेब. खरं तर त्या दिवशी ते फार छान बोलले. “राम राम मंडळी. आम्ही कंपनीतले, वेरूळला चाललोय. मी देवगाव रंगारीकडचा, काकासाहेब जाधव.” लगेच चेहरे सैल झाले. एक म्हातारा होता, फेटा बांधलेला. तो म्हणाला, “या पाव्हणं, पाणी प्या.” पाणी आलं. सगळे प्याले, मीही प्यालो, त्याच तांब्यातून. नंतर म्हातारा एकेकाला नाव विचारू लागला. धमकी नव्हती हो त्यात, गावाकडं विचारतात तसं. माझ्यापाशी आला. मी म्हणालो, “कडुबा जाधव.” म्हातारा हसला, साहेबांकडं वळला आणि म्हणाला, “तुमचेच भाऊबंद व्हय?”

मित्रहो, त्या वेळी साहेबांच्या गळ्यावर कुणी विळा ठेवलेला नव्हता. कुणाला संशय आलेला नव्हता. म्हातारा तर गाडी बाजूला घ्यायला पोरांना हाक मारत होता. साहेबांनी फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. तेही जड वाटलं असतं तर नुसती मान हलवायची होती. काहीच न बोलता सायकलवर बसले असते तरी चाललं असतं.

पण चूक झाली होती ना! एका परक्या माणसानं नातं चुकीचं लावलं होतं, आणि साहेबांना ती चूक सहन होईना. साहेब हसत हसत म्हणाले, “छ्या, छ्या! भाऊबंद कशाचे? आडनाव तेवढं सारखं. त्यांची घरं गावाच्या त्या अंगाला. आम्ही पाटलाच्या आळीतले.”

मी साहेबांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यात राग नव्हता, भीती नव्हती, मला मारावं असा इरादाही नव्हता. कुणी बुटावर चिखल उडवल्यावर आपण तो पुसतो, तसं त्यांनी ते पुसलं.

कुणी खाकरू नका, संपत आलंय.

म्हाताऱ्यानं तांब्याकडं बघितलं. नंतर माझ्याकडं बघितलं. मग साहेबांना म्हणाला, “मंग तुमी व्हा म्होरं. ह्येला बसू द्या घटकाभर.” आणि साहेब काय म्हणाले? मंडळाच्या अध्यक्षाला शोभेल असंच बोलले. म्हणाले, “बसू द्या, पण लवकर सोडा हां. ऊन व्हायच्या आत घाट चढायचाय.”

रांग निघाली. बन्सी माझ्या पुढचा, म्हणजे नियमानं हात वर करायचा तो त्यानं. बन्सीनं मागं वळून बघितलं. माझी आणि त्याची नजर भेटली. त्यानं हँडलवरचा उजवा हात उचलला. माझ्या जिवात जीव आला. हात डोक्यापर्यंत गेला, त्यानं टोपी सारखी केली, आणि हात परत हँडलवर ठेवला. बन्सी, खाली बघू नको रे. तू निदान मागं बघितलंस. बाकीच्यांच्या मानेला त्या दिवशी काय झालं होतं कुणास ठाऊक.

माझ्या बाजूनं जास्त सांगण्यासारखं नाही. गावकऱ्यांनी विचारलं, “तुला इद्यापीठाला नाव पायजे व्हय?” मी म्हणालो, “व्हय.” मला 'नाही' म्हणता आलं असतं. आई घरी वाट बघत होती, 'नाय' म्हणालो असतो तर चालत गेलो असतो. पण आत्ताच एका माणसाला साधं 'व्हय' जड गेलेलं मी बघितलं होतं, आणि माझं डोकं फिरलं होतं. मग ते म्हणाले, कोणता हात वर करून घोषणा देतोस? मी सांगितलं नाही, पण आपल्याकडं सगळेच उजवा करतात. जुवाच्या टोकाला लाकडी शिवळ असते, बैलाची मान बाहेर निघू नये म्हणून लावतात ती. ती उपसली आणि माझ्या खांद्यावर घातली. मी ओरडलो. वारा घाटाकडं होता. तुम्हा मंडळींना ऐकू आलं का, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही, आजही विचारत नाही.

वर घाटमाथ्यावर काय झालं ते मला बानाबाईंनी सांगितलं. त्यांनी चहा ओतला नव्हता. म्हणाल्या, “कडुबा कुठंय? त्यो आल्याबिगर चहा नाय, तुमीच तर म्हन्ता.” साहेब म्हणाले, “त्याची चेन पडली. तो घरी गेला परत.” बानाबाईंनी मग ओतला. बानाबाई, तुमचा यात काही दोष नाही, तुम्हाला माणूस जे सांगेल ते तुम्ही खरं धरता. म्हणून तर तुमचं हॉटेल कधी मोठं झालं नाही.

त्यांचे मालक मुंजाबा त्या दिवशी घाटाखाली मेंढरं चारत होते. मुंजाबा आता नाहीत. मी बांधाला पडलेला त्यांना सापडलो. त्यांनी मला विचारलं नाही मी कोण, कोणत्या अंगाला घर. घोंगडीत गुंडाळलं, मेंढरं कुत्र्याच्या भरवशावर सोडली आणि दुसऱ्याची बैलगाडी मागून मला छावणीपर्यंत आणलं. वाटेत एकदाच बोलले, “लई मारलं रं तुला.” आणि मंडळ? मंडळ वेरूळला जाऊन लेणी बघून आलं. येताना फुलंब्रीवरून फेर घालून आलं, दुप्पट अंतर. कारण विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, नवा रस्ता बघायचा होता.

साहेबांचा तिसरा गुण माणुसकी. ते मला बघायला घाटी दवाखान्यात आले. डझनभर केळी आणली होती. खाटेजवळ उभे राहिले, माझ्या प्लास्टरकडं न बघता पंख्याकडं बघितलं आणि म्हणाले, “तू उगाच मागं राहिलास, कडुबा.” मी म्हणालो, “चूक झाली साहेब.” ते म्हणाले, “असू दे.” त्यांनी मला माफ केलं.

प्रेस दोन हातांचं मशीन आहे, ते गेलं. साहेबांनीच मेहेरबानी करून मला गेटवर घेतलं. तिथं बसून मी बी. ए. झालो, म्हणून तर आज असं शुद्ध आणि लांबलचक बोलता येतंय. कारखाना वाढला, वाळूजला आला, साहेब मॅनेजर झाले, त्यांची गाडी आली की मी फाटक उघडायचो. डाव्या हातानं. ते काच खाली करून विचारायचे, “काय चेनवाले, बरंय ना?” मी म्हणायचो, बरंय.

सारजा विचारते, अशा मंडळात राहिलात कशाला? नानासाहेब, तुमच्याही मनात तेच आलं असेल. खरं सांगू? मला वाटायचं, कधीतरी कुणीतरी एकजण गेटवर येईल. सगळ्यांनी नको, एकानंच. येऊन म्हणेल, “कडुबा, त्या दिवशी चेन पडली नव्हती.” मला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं. भरपाई नको, माफी नको. माझी चेन पडली नव्हती एवढं मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. इतकी वर्षं वाट बघितली. कुणी आलं नाही. आणि आज अप्पारावांनी याच माईकवर पुन्हा तोच विनोद केला. मला राग आला. लई राग आला. जेवणाच्या ताटावर बसलेल्याला हसत हसत उठवावं तसा.

असो. समारंभ आनंदाचा आहे. साहेब, तुमचं नाव स्वारीला द्यायला माझी हरकत नाही. फक्त एक गोष्ट राहून गेलीय, ती आज उरकून घेऊ. तो म्हातारा तर कधीच वारला, म्हणून त्याचा प्रश्न मीच विचारतो. माझ्याकडं बोट दाखवून विचारतो. काकासाहेब, हे तुमचे भाऊबंद व्हय?

पाणी प्या. सावकाश. आम्ही थांबतो. थांबायचं हा आपला नियमच आहे.

काय म्हणालात? माईक जरा तिकडं सरकवा, अप्पाराव. मागं बानाबाईंना ऐकू कमी येतं.

ऐकलं का सगळ्यांनी? साहेब 'हो' म्हणाले. टाळ्या वाजवा की! बघा, किती सोपं होतं. माझा हात मोडत होता तेव्हा तोंडातून निघालं नाही, पाटीवर नाव यायचं म्हटल्यावर निघालं. लक्ष्मीवहिनी, तुम्ही का रडताय? तुमचे मालक आज पहिल्यांदा माझे भाऊ झालेत, गोड मानून घ्या.

तर आता ठराव. माझा शब्द पक्का आहे. उजवा हात, सरळ, खांद्याच्या वर. हा घ्या.

एवढाच जातो. छातीपर्यंत. इथून वर जात नाही. सांधाच चुरला होता, डॉक्टर म्हणाले, जेवढा जुळला तेवढं नशीब समजा. मला वाटलं होतं, मंडळातल्या एखाद्याच्या तरी हे लक्षात आलं असेल. दर सभेला ठराव यायचा, माझा हात खाली राहायचा, आणि अप्पाराव दर वेळी लिहायचे, 'कडुबा तटस्थ'. तटस्थ नव्हतो हो मी. कधीच नव्हतो.

डावा चालत नाही, नियम साहेबांचाच. मग आता एकच मार्ग. साहेब, तुम्ही या आणि माझा हात धरून वर करा. भाऊबंद आहात, परकं काही नाही. जिथपर्यंत न्यायचाय तिथपर्यंत न्या. खांद्याच्या वर गेला की कापड ओढा आणि पाटी उघडा. मी तोंडातून शब्द काढणार नाही.

वहिनी, त्यांना धरू नका. येऊ द्या. या साहेब. जपून, पायरी आहे.

इथं धरा, कोपराखाली. हां. घाबरू नका, आता त्याला कितीही झालं तरी नवीन काही होणार नाही. उचला. अजून. अजून थोडा. आवाज आला ना? तो सांध्याचा आहे, चेनचा नाही. चला, अजून वीतभर राहिलाय. पाटी तिथंच आहे.

का हो, सोडलात?

बसा. हात पुसायला रुमाल हवा असेल तर अप्पारावांकडं आहे. अप्पाराव, लिहून घ्या, नेहमीप्रमाणं, 'कडुबा तटस्थ'. ती पाटी मात्र तशीच कापडासकट स्टोअरला पाठवा. रंग चांगला आहे, कशाला तरी उपयोगी पडेल.

माननीय अध्यक्ष, तुम्ही मला एवढा वेळ बोलू दिलंत, एकदाही अडवलं नाहीत, त्याबद्दल आभारी आहे. मंगल कार्यालयाच्या मालकांचे, फोटोवाल्याचे, हार देणाऱ्या फुलवाल्याचे आभार. सत्कारमूर्तींना पुढचं आयुष्य आरोग्याचं आणि खूप मोठं लाभो, त्यातल्या एकाही दिवशी त्यांना विस्मरण न होवो, ही मनापासून इच्छा. माझ्या बोलण्यात कुठं शब्द कमी-जास्त गेला असेल, नातं चुकलं असेल, तर गेटवरचा माणूस समजून पोटात घाला.

बाहेर बानाबाईंच्या सुनेनं चहा मांडलाय. मला हे वायर-माईक आवरायला एका हातानं वेळ लागेल. शेवटच्यासाठी थांबायचं काही कारण नाही. तुम्ही व्हा पुढं.